धुऊन आणलेले पाय

“बाकी सगळ्यांचे धुतलेत, मग माझेच पाय का गाळलेत, फादर?”

वेदीमागच्या खोलीत इनासचा आवाज चढला होता. पवित्र गुरुवारची मिस्सा, देवळातली सामुदायिक उपासना, नुकतीच आटोपली होती. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले म्हणून या दिवशी फादर गावातल्या बारा पुरुषांचे पाय धुतात. म्हाताऱ्या फादर जेरोमनी एकेकाचे धुतले, पुसले, चुंबले; इनासपाशी येताच नुसतं पाहिलं आणि पुढे सरकले. भरल्या देवळात नाक कापलं गेलं! त्यात जूनमध्ये सेमिनरीत जाऊन धर्मगुरू व्हायचं, तेही फादरांच्याच होकारावर अडलेलं.

“घरून धुऊन आलास?”

“काथ्यानं घासून. उपवासकाळात एकही उपास चुकवला नाही मी. मळके पाय कसे आणीन?”

“मग मी काय धुणार होतो?”

“सगळेच धुऊन येतात की!”

ते खरंच होतं. धुवून घ्यायचे पाय आधी धुऊन न्यायचे, ही आमच्या गावाची जुनी हुशारी.

“येतात,” फादर म्हणाले. “पण पावडर तुझ्याच पायांना होती.”

इनासची मान खाली गेली. वडिलांच्या केळीच्या वाडीत दिवसभर पाटाच्या पाण्यात उभं राहणारा मुलगा तो.

“चिखल्या झाल्यात... बोटांच्या बेचक्यांत. वास येतो. तुम्ही तिथं ओठ लावणार, म्हणून...”

फादरांनी पाय धुण्याची पाण्याची परात ओढली, टेबलाचा आधार घेत गुडघ्यांवर बसले.

“दाखव.”

“नको, फादर. बऱ्या होऊ देत. पुढच्या वर्षी येईन.”

फादर हात पुढे धरून तसेच बसून राहिले... फरशी गार, गुडघे म्हातारे. इनासला ते बघवेना.

त्याने पाय दिला.

पाणी झोंबलं. पावडर परातीत पांढरी उतरली. फादरांनी एकेक बेचकं धुतलं, हलक्या हाताने टिपलं आणि नेमके तिथंच ओठ टेकले. इनास लहान पोरासारखा रडला.

“जूनला जा सेमिनरीत,” फादर म्हणाले.

“कशाच्या जोरावर जाऊ? मी काय केलं? सगळं तर तुम्हीच...”

“पाय पुढे केलास.”