रांगेत उभा केलेला शब्द

खाडीच्या मुखाशी एक बंदर होते, आणि त्या बंदरात एकदा एक शिष्य स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश झाला. हुशारी खरी होती, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे घडले ते तो निर्बुद्ध होता म्हणून घडले नाही.

त्या बंदरात परदेशी माल उतरत असे. खोक्यांवर, पिंपांवर इंग्रजी शब्द छापलेले असत आणि तो माल पाठीवरून वाहणाऱ्या हमालांना ते वाचता येत नसत. काचेचे खोके उलटे ठेवले जाई, औषधाचे उन्हात पडून राही. म्हणून गोदामाच्या मालकाने, एका मोठ्या व्यापाऱ्याने, गावातल्या वृद्ध गुरुजींना विनंती केली की हमालांना तेवढे शब्द शिकवा. गुरुजींनी त्यांना अक्षरे शिकवली, मग शब्दांना हात घातला; पण त्यांची रीत फार सावकाश. आठवड्याला दोन शब्द, तेही फळ्यावर नाही, गोदामात. ‘ग्लास’ शिकवायचा त्या दिवशी त्यांनी फुटलेल्या काचेचा तुकडा प्रत्येकाच्या हातात दिला. ‘पॉयझन’ शिकवायचा त्या दिवशी विषारी भुकटीच्या पोत्याशी मरून पडलेला उंदीर दाखवला. सहा महिन्यांत पन्नास शब्दही झाले नाहीत आणि व्यापारी कुरकुरू लागला. तशात गुरुजींचा दमा बळावला, आणि वर्ग त्यांच्या या शिष्याच्या हाती आला.

शिष्याच्या ध्यानात आले की इंग्रजीत कितीतरी शब्दांचा शेवट सारखा असतो. स्टेशन, फॅशन, पेन्शन एका सुरात संपतात. टेबल, केबल, लेबल दुसऱ्या. त्याने सारख्या शेवटाचे शब्द वेचून त्यांच्या माळा केल्या, प्रत्येकाला अर्थ जोडला आणि ओझे उचलताना म्हणता येईल असा ठेका दिला. ‘टेबल म्हणजे मेज, केबल म्हणजे तार, लेबल म्हणजे चिठ्ठी,’ अशी सुरुवात करून ती माळ ‘पोर्टेबल म्हणजे नेण्याजोगे, वॉशेबल म्हणजे धुण्याजोगे, ब्रेकेबल म्हणजे फुटण्याजोगे,’ अशी चाळीस शब्दांपर्यंत जाई. हमालांना ती इतकी आवडली की माल चढवताना, जेवताना, घरी परतताना तीच चालू. दोन महिन्यांत तीनशे शब्द तोंडपाठ झाले.

व्यापाऱ्याने गोदामासमोर मांडव घालून समारंभ केला. हमालांनी एका दमात तीनशे शब्द म्हटले आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आपल्याकडे पाठांतराला टाळी मिळतेच. कळले की नाही हे विचारायला कोण थांबतो? शिष्याच्या खांद्यावर शाल आली. गुरुजी पुढच्या रांगेत बसले होते, ते काहीच बोलले नाहीत. शिष्याला वाटले, म्हाताऱ्याला माझे यश सोसवत नाही.

त्यानंतर महिनाभराने, भर दुपारी, गोदामाला आग लागली. पिंपे ठेवली होती त्याच भागात एक कारागीर स्टोव्ह पेटवून पत्र्याचे सांधे डाग देऊन जोडत होता. कारागीर आणि एक हमाल जागीच गेले. सखाहरी नावाचा दुसरा हमाल दोन दिवस तळमळून गेला. त्याच्याबरोबर पिंप ढकलणारा बारकू तेवढा वाचला, दोन्ही हात भाजून.

शिष्य बारकूला भेटायला दवाखान्यात गेला. बारकूचे हात कोपरापर्यंत गुंडाळलेले होते.

“मी मागनं ढकलत होतो, मास्तर,” बारकू म्हणाला. “पिंप कुठंतरी गळत होतं, हाताला ओल लागत होती. सखाहरी पुढं होता, त्याच्या पुढं त्या कारागिराचा स्टोव्ह. तो एकदम थांबला. म्हणाला, बारक्या, ह्याच्यावर आपल्या माळेतला शब्द हाय. म्या म्हणलं, कंचा? तर म्हणाला, थांब, येतोय. आन् डोळं मिटून सुरू झाला. टेबल म्हणजे मेज, केबल म्हणजे तार...”

“पहिल्यापासून?”

“मग? मधनं कुठनं येतोय तो? पहिल्यापास्नं म्हणत गेलं तरच येतो. धुण्याजोगेपत्तुर आला होता. वास मला पण आला, पर म्या म्हणलं, त्याला म्हणू दे, मधी बोललं की चुकतंय.” बारकूने आपल्या गुंडाळलेल्या हातांकडे पाहिले. “त्या शब्दाची पाळीच आली न्हाई, मास्तर.”

पिंपावरचा शब्द होता ‘फ्लॅमेबल’. म्हणजे पेट घेण्याजोगे. माळेत तो सव्विसावा होता.

शिष्य बाहेर आला तेव्हा चूक कुणाची हे त्याला कळले होते. परंतु भ्यालेला माणूस आधी स्वतःला वाचवतो. फाटकाशीच व्यापारी भेटला आणि त्याने विचारले, “एवढं शिकवून हे झालंच कसं?” शिष्य म्हणाला, “शब्द शिकवला होता, अर्थही बिनचूक होता. सखाहरी जरा मंद होता, एवढंच.” व्यापाऱ्याला तेवढे पुरले. संध्याकाळपर्यंत बंदरभर झाले की सखाहरीच्या मठ्ठपणापायी आणखी दोन माणसे जिवानिशी गेली. बोलायला सखाहरी काही उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्याने हेच वाक्य गुरुजींपुढे म्हटले. गुरुजींनी काठी उचलली आणि म्हणाले, “चल, जरा जेटीवर जाऊन येऊ.” ओहोटी लागली होती. गुरुजी धापा टाकत टोकापर्यंत चालत गेले, पाण्याकडे पाहत उभे राहिले, आणि शिष्य शेजारी येताच त्यांनी दोन्ही हातांनी त्याला खाली ढकलून दिले.

शिष्याला पोहता येत नव्हते. नाकातोंडात खारे पाणी गेले, डोळ्यांपुढे अंधार आला, आणि तो जिवाच्या आकांताने ओरडला, “वाचवा!” मग पाय चिखलाला लागले. पाणी गळ्याइतकेच होते. गुरुजींनी होडी बांधायचा दोर खाली सोडला, आणि तो कसाबसा वर येऊन खोकत बसला.

“काय ओरडलास?” गुरुजींनी विचारले.

“वाचवा म्हणालो. दुसरं काय म्हणणार?”

“त्याच्या आधी कोणकोणते शब्द म्हणालास?”

“आधी? आधी कशाला काही म्हणू?”

“सखाहरीला म्हणावे लागत होते,” गुरुजी म्हणाले. बारकूला तेही काल भेटून आले होते. “पंचवीस शब्द. तू त्याला जो शब्द दिलास तो शेजारच्या शब्दाला बांधून दिलास, वस्तूला नाही. एकाचा हात दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. शेवट सारखे, म्हणून ते ऐकायला गोड लागले. पण पेट घेणारी वस्तू आणि मेज यांचा संबंध काय? त्या पिंपाजवळ त्याला एकच शब्द हवा होता आणि तोही तत्क्षणी. तू त्याला रांगेत उभे केलेस. तो मंद नव्हता रे. तू शिकवलेस त्याच वाटेने तो प्रामाणिकपणे चालला होता.”

शिष्य म्हणाला, “तुम्हाला हे आधीच कळलं होतं?”

गुरुजींनी दोर गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, “समारंभाच्या दिवशीच कळले. मधलाच एखादा शब्द विचारावा असे ओठांवर आले होते. पण तुझ्या अंगावर शाल होती, आणि मला वाटले, लोक म्हणतील म्हातारा जळतो. माझ्या अब्रूसाठी मी तोंड मिटून बसलो. म्हणून तुझ्याइतकाच मीही त्याच्या मरणाचा धनी आहे, आणि ते मी व्यापाऱ्याला सांगून आलो आहे. आता तुझे तू बघ. आधी त्याच्या घरी जा.”

सखाहरीचे घर मिठागराच्या बाजूला होते. त्याची बायको भागूबाई दारात बसली होती. मास्तरांना पाहून तिने पदर सावरला, पाट पुढे सरकवला, आणि ते बसायच्या आत म्हणाली, “बरं झालं आलात. मला तुम्हालाच विचारायचं होतं. लोक म्हणत्यात, ते मठ्ठ होते. कामावरनं आल्यावर रोज म्हणायचे हो ते. मी चुलीपुढं असायची, मला म्हणायचे, ऐक, कुठं चुकलो तर सांग. ऐकून ऐकून मलाच पाठ झालंय. तुम्ही ऐका, आन् सांगा, कुठं चुकतंय.”

“बाई, नको,” शिष्य म्हणाला.

तिने सुरू केले. टेबल म्हणजे मेज, केबल म्हणजे तार. ठेका तोच, बोटांनी उंबऱ्यावर धरलेला. आवाज सपाट होता, जसा पाढा म्हणताना असतो. शिष्य मनात मोजू लागला, त्याला मोजणे थांबवता येईना. बावीस. तेवीस. वॉशेबल म्हणजे धुण्याजोगे. ब्रेकेबल म्हणजे फुटण्याजोगे. फ्लॅमेबल म्हणजे पेट घेण्याजोगे. तिचा आवाज तिथे अडखळला नाही, हलला नाही. ती त्या शब्दावरून तशीच पुढच्यावर गेली आणि चाळीसही शब्द पुरे करून थांबली. कोणत्या शब्दाने आपला नवरा नेला, हे तिला कुणी सांगितले नव्हते. आणि तो शब्द या क्षणी तिच्याच तोंडून येऊन गेला होता. शिष्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

“एक तरी चुकलं का?” भागूबाईने विचारले.

“नाही. एकही नाही.”

“मग ते मठ्ठ कसे?”

“ते मठ्ठ नव्हते, बाई. मी शिकवलं तेच चुकीचं होतं. आणि काल मी खोटं बोललो, माझ्यावर येऊ नये म्हणून.”

तिने त्याच्याकडे पाहिले. ती रडली नाही, ओरडलीही नाही. “हे माझ्यापुढं म्हणून काय उपयोग, मास्तर? मला ठाऊकच होतं,” ती म्हणाली. “उद्या गोदामापुढं म्हणा. मी येते ऐकायला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जळक्या गोदामाच्या दारात व्यापारी, मुकादम आणि झाडून सगळे हमाल उभे होते. भागूबाई मागे भिंतीपाशी होती. शिष्याला पहिले वाक्य सुरू करायलाच फार वेळ लागला, आणि कुणीही त्याला मदत केली नाही. त्याने ते अखेर म्हटले, सखाहरीचे नाव घेऊन म्हटले. भागूबाईने शेवटपर्यंत ऐकले आणि ती मिठागराच्या वाटेने घरी निघून गेली.