वाट पाहण्याचा खडक

डोंगरांना अजून कुणी नावं दिलेली नव्हती, पण माणसं एकमेकांना नावं ठेवायला लागली होती, इतक्या जुन्या काळी एक राज्य होतं. त्या राज्यात उंच डोंगराच्या कुशीत एक तळं होतं. तळ्याच्या तीन बाजूंना दाट जंगल आणि चौथ्या बाजूला पाणथळ. पाणथळ म्हणजे धड पाणी नाही आणि धड जमीनही नाही. वर हिरवंगार लव्हाळं, आणि खाली किती चिखल, ते आत गेलेल्यालाच ठाऊक.

तळ्याभोवती एक पायवाट होती. जंगलातून ती ठळक दिसायची, पाणथळीशी आली की गायब व्हायची. तिथून पुढं जायचं कसं, याची गावाची एक रीत होती. ती रीत मोडायला निघालेल्या कारभाऱ्याची ही गोष्ट.

त्याचं झालं असं, की त्या राज्याच्या राजाला जेवण अतिशय प्रिय होतं. इतकं, की दर सणाला त्याचा कंबरपट्टा दोन बोटं वाढवावा लागे. शेवटी राजवैद्यांनी हात टेकले आणि सांगितलं, की काढे पुरे झाले, आता महाराजांनी तळ्याला पायी फेरी मारावी. राजा म्हणाला, चालायला आमची ना नाही, पण दुपारच्या जेवणाची वेळ टळता कामा नये. त्या फेरीला संध्याकाळ होते, हे सगळ्या दरबाराला माहीत होतं, पण बोलणार कोण?

एकट्या कारभाऱ्याला गप्प राहवलं नाही. माणूस कामाला वाघ, पण घाई त्याच्या हाडात मुरलेली. पाणी तापायच्या आत तो आंघोळ उरकायचा आणि भात शिजायच्या आत पाटावर बसायचा. त्यातून समोर त्याचा मेहुणा उभा होता. हा मेहुणा कित्येक वर्षं कारभाऱ्याच्या पगडीवर डोळा ठेवून होता. मेहुण्यानं बोलायला तोंड उघडलेलं दिसलं मात्र, कारभारी म्हणून बसला, "महाराज, येत्या पौर्णिमेला दिवस उगवता निघा आणि दुपारी जेवायला घरी या. जमलं नाही, तर माझी पगडी काढून मेहुण्याला द्या."

बोलून झाल्यावर तो पस्तावला. पण तोंडातून गेलेला शब्द आणि मेहुण्याच्या चेहऱ्यावरचं हसू, दोन्ही परत घेता येण्यासारखी नव्हती.

दुसऱ्याच दिवशी तो तळ्यावर पोचला. पाणथळीच्या काठावर एक सपाट काळा खडक होता. तिथं लव्हाळं कापणाऱ्या बायांची मुकादमीण विळ्याला धार लावत बसली होती. पुढची वाट कुठली, असं त्यानं तिला विचारलं.

"हितं वाट पाहायची असती," ती म्हणाली.

"बाई, मला थांबायला वेळ नाही."

"थांबा कोण म्हणतंय? वाट पाहा म्हणतीया."

बाई आपली थट्टा करते आहे, असं कारभाऱ्याला वाटलं. पण ती सरळच बोलत होती. पाणथळीतली वाट एका जागी कधी राहायचीच नाही. आज जिथं पाय टेकला, तिथं उद्या माणूस कमरेपर्यंत आत जायचा. म्हणून बाया पहाटे काठीनं चाचपत पलीकडच्या काठाला जात, लव्हाळं कापत, आणि ऊन चढलं की डोक्यावर भारे घेऊन परत येत. ज्याला पुढं जायचं असेल, त्यानं या खडकावर बसून त्या येताना पाहायचं. बायांची पावलं पडतील ती त्या दिवसाची वाट. आपण वाट पाहतो तेव्हा नुसते ताटकळतो. त्या गावात मात्र वाट पाहायची म्हणजे खरोखरच डोळ्यांनी वाट पाहायची असे.

हे सगळं ऐकून घ्यायला कारभारी थांबला असता, तर गोष्ट इथंच संपली असती. तो थांबला नाही. या रीतीपायी निम्मी सकाळ खडकावर जाते, एवढंच त्यानं कानावर घेतलं, आणि तेवढी वाचवली की फेरी दुपारच्या आत होते, असा हिशेब केला. चाळीस दगड चुन्यानं रंगवून घेतले आणि या काठापासून त्या काठापर्यंत सरळ रेषेत मांडले. ऐटीत मिशीवरून हात फिरवला आणि जाऊन झोपला.

सकाळी पाहतो तर एकही दगड जागेवर नाही.

त्याला वाटलं, गावातल्या बायांनीच चुली मांडायला नेले. मग काय, घरोघर झडती सुरू झाली. चुलींचे दगड सगळे काजळीनं काळे. आतून पांढरा असेल म्हणून त्यानं एक दगड खरवडून पाहिला, तर चूल डगमगली आणि वरचं पिठलं त्याच्या पायावर सांडलं. घरधनीण म्हणाली, सांडलंय तुम्ही, तेव्हा पुसायचंही तुम्हीच. राज्याचा कारभारी उकिडवा बसून चुलीपुढची जमीन पुसत होता, आणि दाराशी अर्धं गाव उभं होतं.

पुन्हा त्यानं दगड मांडले. या वेळी मोठे, दोघांना उचलावे लागतील असे. ते तर दुपारपर्यंतसुद्धा राहिले नाहीत.

पौर्णिमा तीन दिवसांवर आली. कारभाऱ्याचं जेवण सुटलं. उठता बसता त्याला आपली पगडी मेहुण्याच्या डोक्यावर दिसू लागली, आणि दुःख असं की ती त्याला शोभूनही दिसे. शेवटी त्यानं ठरवलं, की चोर आपणच पकडायचा. गड्यांना सांगितलं, की उद्या पहाटे थोडे दगड मांडा आणि पौर्णिमेच्या पहाटे पुरे चाळीस अगदी ताजे मांडा. मग दिवस उगवता तो पाणथळीत चौथ्या दगडाजवळ एक चौरंग टाकून त्यावर बसला आणि गावाकडे डोळे लावले. कोवळं ऊन होतं, वारा होता. त्याला डुलकी लागली.

जाग आली तेव्हा लव्हाळं त्याच्या कानापर्यंत पोचलं होतं. एवढ्यात गवत इतकं वाढलं कसं, याचं त्याला नवल वाटलं. मग त्यानं खाली पाहिलं. चौरंग दिसत नव्हता. स्वतःचे पायही दिसत नव्हते. चोर सापडला होता, पण तो खालून आला होता.

तो जीव खाऊन ओरडला. बाया भारे घेऊन परत निघाल्याच होत्या. मुकादमिणीनं लांबूनच हाक दिली, "कारभारी, हलू नका. वाट पाहा."

दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तो वाट पाहू लागला. मुकादमीण आधी त्याच्याकडे यायची सोडून भलतीकडेच गेली. त्याला रडू आलं. मग ती थांबली, टाचेनं जमीन दाबून पाहिली, दोन पावलं मागं आली, पुन्हा वळली. पाहता पाहता त्याच्या ध्यानात आलं, की लव्हाळं पिवळट आहे तिथं तिचा पाय वर राहतो, आणि जिथं ते काळपट हिरवं आहे तिथं ती पाऊलच टाकत नाही. इतके दिवस तो पाणथळीकाठी फिरला, पण लव्हाळ्याला दोन रंग असतात हे त्याला कधी दिसलं नव्हतं.

बायांनी भारे आडवे टाकले आणि त्याला काखेत धरून ओढून काढलं. मुकादमीण इतकंच म्हणाली, "दगड कुणी न्हेले, कळलं न्हवं?" कारभाऱ्यानं मान खाली घातली. पिठल्याच्या वेळी आली नव्हती एवढी लाज त्याला आता वाटली.

पौर्णिमेला दिवस उगवता राजा आला. बरोबर मेहुणा होताच. आणि समोर चाळीस पांढरेशुभ्र दगड सरळ रेषेत चमकत होते. गड्यांना दिलेला हुकूम परत घ्यायचं कारभारी साफ विसरला होता.

"वा," राजा म्हणाला, "वाट तर तयार आहे."

दगड नुकतेच मांडलेले. कदाचित घटकाभर टिकतीलही, आणि टिकले तर पगडी वाचेल. कारभाऱ्यानं दगडांकडे पाहिलं, मग राजाच्या पोटाच्या घेराकडे पाहिलं. तो पुढं झाला आणि वाट अडवून उभा राहिला.

"महाराज, इथं वाट पाहायची असते."

"किती वेळ?"

"बाया परत येईपर्यंत."

"आणि जेवण?"

"चुकेल, महाराज. मी बोललो ते खोटं होतं."

राजाचा चेहरा लाल झाला. त्यानं स्वतःच्या हातानं कारभाऱ्याची पगडी काढली आणि मेहुण्याच्या डोक्यावर ठेवली. मेहुण्याला आकाश ठेंगणं झालं आणि तो तडक दगडांकडे निघाला. कारभाऱ्यानं त्याचा हात धरून त्याला थांबवून पाहिलं, पण नव्या पगडीला ऐकू कमी येतं. पहिला दगड, दुसरा दगड, तिसरा दगड. चौथ्यावर नवे कारभारी छातीपर्यंत खाली गेले आणि पगडी डोक्यावरून सुटून चिखलावर तरंगू लागली.

राजानं पहिल्या दगडासाठी उचललेला पाय हळूच मागं घेतला. मग तो खडकावर जाऊन बसला.

ऊन चढलं, बाया आल्या. आधी त्यांनी मेहुण्याला उपसून काढलं. मग त्यांची पावलं जिथं पडली होती तिथून कारभारी उघड्या डोक्यानं पुढं चालला आणि राजा त्याच्या मागं. पलीकडच्या काठावर राजानं मुकादमिणीनं दिलेल्या भाकऱ्या चटणीबरोबर खाल्ल्या. सात खाल्ल्या. फेरी पुरी व्हायला दिवस मावळला, आणि राजा तितकाच जाड परत आला, पण जिवंत आला.

कारभाऱ्यानं विचारलं, उद्यापासून आपण काय करायचं? राजा म्हणाला, कारभारच करायचा, पण बोडक्यानं. पगडी घातलेला माणूस पुढं चालू लागला की आम्हांला धडकी भरते. मेहुण्याला खडकावर नेमलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो छातीवरची चिखलाची रेघ दाखवून बसवून घेई, आणि लोक लगेच बसत.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, ज्याला वाट पाहायला वेळ नसतो, त्याच्या पायाखाली वाट नसते.