कलशिळा

त्या राज्यात कोणत्याही पोराला ‘तुला कुठे जायचे आहे?’ असे विचारण्याची पद्धत नव्हती. गरजच नव्हती, ते काम शिळा करी.

राज्याच्या मध्यावर, उघड्या माळावर ती शिळा होती. अजस्र, सपाट, एखाद्या गावाचे खळे होईल एवढी रुंद. तिच्या पूर्वेला डोंगराचा कडा होता, पश्चिमेला रान, उत्तरेला नदी आणि दक्षिणेला राजाचा रहाट. पोर वयात आले की उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला शिळेच्या मधोमध आणून ठेवत. ते ज्या बाजूला घसरेल तो त्याचा कल. म्हणून तिचे नाव कलशिळा आणि त्या दिवसाचे नाव कलचाचणी. एरवी शिळेवर पाऊल ठेवायला मनाई होती.

जुन्यात जुन्या कासवालाही आठवत होते तेव्हापासून जवळजवळ सगळी पोरे दक्षिणेला घसरत आली होती. ससे घसरत, साळिंदरे घसरत, कासवांची पोरे तर पाठीवर पडून, चारी पाय वर करून मोठ्या डौलाने जात. तित्तिरांच्या पिलांचे पंख त्या दिवसापुरते वेलीने बांधून ठेवत, कारण पंखांमुळे निकालात गोंधळ होतो. वडीलधारी मंडळी शिळेच्या दक्षिण कडेवर दाटीवाटीने उभी असत, हात पसरून. आपले पोर घरंगळत आले की ते झेलायचे, कपाळाला माती लावायची आणि तसेच पुढे रहाटावर पोचवायचे.

रहाटावर गेलेल्यांचे बरे चालले होते. दोन्ही वेळचे खाणे राजाकडून, डोक्यावर छप्पर, आणि काम म्हणाल तर फिरत राहायचे. सणासुदीला ते घरी येत तेव्हा त्यांच्या मानेवर जोखडाचा काळपट वळ उमटलेला असे. आया तो वळ शेजारणींच्या नजरेस पडेल अशा बेताने पोराला दारात बसवत.

कड्याच्या पायथ्याशी एका कपारीत कातळी नावाची घोरपड राहत असे. नवरा खडकोजी उमेदीची वर्षे रहाटावर काढून आलेला. आता तो घरीच असे, पण विचार करायला लागला की अजूनही गोल फिरे. त्यांना एकच लेक, चिवी. अंड्यातून बाहेर आली ती कपारीच्या भिंतीवर चढतच. कुठे गेली म्हणून शोधावे, तर ही डोक्यावर कुठेतरी कातळाला पोट लावून स्वस्थ चिकटलेली.

“बाबा, रहाट कशाला फिरवतात?” तिने एकदा विचारले.

“पाणी वर येतं.”

“आणि त्या पाण्याचं पुढे काय होतं?”

“ते मागे बसणाऱ्यांना ठाऊक,” खडकोजी म्हणाला. “आमचं तोंड पुढे असायचं.”

चिवी वयात आली त्या वर्षी कातळीने चाचणीच्या दिवशी पहाटेच उठून लेकीला अंग घासून नदीवर न्हायला घातले. खडकोजी दक्षिण कडेवर अगदी पहिल्या रांगेत जाऊन उभा राहिला. सशाची पोरे सरसर गेली. साळिंदराचा मुलगा काटे मिटून गेला. मग चिवीची पाळी आली. तिला मधोमध ठेवले आणि सगळे वाट पाहू लागले.

चिवी हलली नाही.

तिने मुद्दाम काही केले नव्हते. पायाखाली दगड लागला आणि पायांनी तो धरला, एवढेच. कडेवरून कोणी “सोड, सोड!” म्हणून ओरडले. खडकोजीचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. शेवटी निकाल सांगणारे धवलपंत पुढे झाले.

धवलपंत हे बगळे होते. पोरांना मार्ग दाखवण्याचे काम राज्याने त्यांच्याकडे दिले होते. ते नेहमी एका पायावर उभे राहत. दुसरा पाय त्यांनी पर्याय म्हणून राखून ठेवला आहे, असे लोक आदराने म्हणत. त्यांनी चिवीला चोचीने मागून एकदा ढोसले, दोनदा ढोसले, आणि मान ताठ करून सांगितले, “कल नाही.”

ते दोन शब्द घरी पोचायच्या आत आळीभर पोचले होते. संध्याकाळी मुंगूसवहिनी धीर द्यायला आल्या. त्यांची तिन्ही पोरे रहाटावर होती, त्यामुळे त्यांच्याकडे धीर भरपूर होता.

“मनाला लावून घेऊ नका हो कातळीबाई. आमच्या माहेरी पण एकाला कल नव्हता. आता झाडाखाली बसलेला असतो. पण स्वभावाने अगदी गरीब!”

त्या गेल्यावर खडकोजी कपारीत कितीतरी वेळ गोल फिरत राहिला. कातळीने त्याला जेवायला वाढले आणि ते तसेच झाकून ठेवले.

दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन तळ्याकाठी धवलपंतांकडे गेली. पंतांनी डोळे मिटून सगळे ऐकून घेतले. मग, विचारण्याची रीत आहे म्हणून, त्यांनी चिवीला विचारले, “बाळ, तुला काय आवडतं?”

“चढायला.”

“वा! छान. छंद म्हणून जरूर ठेव.”

“पण मला कड्यावर काय आहे ते बघायचंय.”

पंतांनी डोळे उघडून कातळीकडे पाहिले. “बाई, कड्याला आजवर कोण गेलंय? कोणी गेलं नाही, याचा अर्थ तिथे काही नाही. चढण्याला पुढे स्कोप काय? उद्या हिचं लग्न ठरायची वेळ आली तर काय सांगाल, मुलगी चढते म्हणून?” मग त्यांनी आवाज मऊ केला. “मूल हुशार आहे हो. फक्त पकड सुटत नाही. तेवढं सोडवून घ्या. पावसाआधी पुरवणी चाचणी आहेच. आमचे वाममास्तर हल्ली वर्ग घेतात.”

वाममास्तर ही वाम होती, सापासारखी लांब, बुळबुळीत मासळी. तळ्याच्या कडेच्या दलदलीत त्यांचा घसरणवर्ग चाले. दारावरच्या झाडाच्या सालीवर मागच्या वर्षी सर्वांत वेगाने घसरलेल्या बेडकाचे चित्र कोरले होते. तोच बेडूक तळ्याभोवतालच्या आणखी तीन वर्गांच्या दारांवरही तसाच हसत होता, पण त्याबद्दल कोणी कोणाला विचारत नसे.

“पकड ही मागच्या पिढीची सवय!” मास्तर चिखलातून अर्धे वर येऊन सांगत. “पोट सैल, नजर खाली, डोक्यात काही नको. घसरणारा तोच पोचणारा! म्हणा!”

“घसरणारा तोच पोचणारा,” पोरे म्हणत.

चिवीही म्हणे. तिच्या तळव्यांना रोज करंजाचे तेल चोळत. नखे वाळूच्या दगडावर घासून बोथट करत. ते काम मास्तरांनी आयांकडे सोपवले होते. पालकांचा सहभाग महत्त्वाचा, असे त्यांचे मत होते. कातळी लेकीचा पंजा मांडीवर घेई आणि घासू लागे. पहिल्या दिवशी चिवी कळवळली. नंतर तिने कळवळणे सोडून दिले, आणि कातळीला ते जास्त जड गेले. तरी तिचे हात थांबले नाहीत. ‘उद्या हीच म्हणेल, आईने केलं म्हणून झालं,’ असे ती मनाशी म्हणे, आणि घाशी.

कपारीच्या भिंतीवर चढायला गेलेली चिवी आता धपकन खाली येऊ लागली. खडकोजीला ती प्रगती वाटली. तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

पुरवणी चाचणीच्या सकाळी चिवी आईला म्हणाली, “आई, एक ऐकशील? तू समोर उभी राहू नकोस.”

“का गं?”

“तुझ्याकडे बघितलं ना, की माझे पाय आपोआप धरतात.”

 कातळीने लेकीच्या तळव्यांना तेलाचा शेवटचा हात दिला.

माळावर ही गर्दी! मागच्या वेळी अडकलेली, अर्ध्यात थांबलेली, वाकडी गेलेली सगळी पोरे आज पुन्हा आली होती, आणि प्रत्येकामागे आई, बाप, काका, मामा. मुंगूसवहिनींचे कोणीच नव्हते, पण त्या आल्या होत्या. सगळे दक्षिण कडेवर चढले. खडकोजी पुन्हा पहिल्या रांगेत होता. कातळीने लेकीचा शब्द पाळला. ती शिळेला लांबून वळसा घालून उत्तरेला गेली. तिथे चिटपाखरूही नव्हते. लेकीची निदान पाठ दिसावी म्हणून ती उत्तर कडेवर चढून पोट टेकून बसली. चांगली थोराड, जड घोरपड ती. बसता क्षणी शिळा पोटाखाली किंचित दबल्यासारखी वाटली. काळजीने आपल्यालाच घेरी आली असेल, असे ती धरून चालली.

धवलपंतांनी इशारा केला. या खेपेला वेळ वाचवण्यासाठी सगळ्या पोरांना एकदमच मधोमध उभे केले होते. ती हळूहळू घसरू लागली. चिवीही घसरू लागली. तेल लावलेले पाय, सैल पोट, खाली नजर. खडकोजीने हात पसरले.

तेवढ्यात मुंगूसवहिनींची नजर पलीकडे गेली.

“अगंबाई, कातळीबाई तिकडे का बसल्यात?”

“कुठे?” रानडुकराने मान वळवली.

“त्या बघा, नदीच्या बाजूला. एकट्याच. आणि कुणाला पत्ता लागू न देता!”

“पंतांकडे जाऊन आल्यात म्हणे त्या,” साळिंदरीण म्हणाली. “उगाच नाही बसायच्या.”

“नदीकडे काहीतरी नवीन निघालेलं दिसतंय.”

“निघालेलं दिसतंय काय, निघालंयच! माझ्या मेहुण्याने मागेच सांगितलं होतं.” असे म्हणणाऱ्या सशाला मेहुणा नव्हता, पण ते तपासत बसायला सवड कोणाला होती?

“मी आपला सहज बघून येतो,” म्हणून रानडुक्कर निघाले. ते सहज चालत नव्हते, पळत होते. त्याच्यामागे साळिंदरीण. तिच्यामागे ससे, मुंगूसवहिनी, कासवे, सगळा गोतावळा. कडेने जायला उशीर झाला असता म्हणून सगळे शिळेवरूनच, घसरणाऱ्या पोरांना ओलांडून, उत्तरेकडे धावले. खडकोजी क्षणभर जागीच गोल फिरला आणि मग तोही धावला.

अंगावर येणारा तो लोंढा पाहून कातळी कडेकडेने पूर्वेकडे पळाली आणि तिने खाली उडी टाकली. ती शिळेच्या पूर्वेच्या अंगाला, बुडाशी जाऊन पडली. मान वर करायच्या आत तिची नजर शिळेच्या खाली गेली.

शिळा जमिनीत रुतलेली नव्हती. तिला पायाच नव्हता. खाली मधोमध फक्त एक गोल धोंडा होता, पिढ्यान्‌पिढ्या इकडून तिकडे घासून गोटीसारखा गुळगुळीत झालेला, आणि एवढी मोठी शिळा त्याच्यावर नुसती तोललेली होती.

धावणारी मंडळी त्या वेळी बरोबर शिळेच्या मध्यावर आली होती. शिळा कुरकुरली आणि सपाट झाली. अगदी पाण्यासारखी सपाट. पोरे होती तिथे थांबली. कोणीच कुठे घसरत नव्हते. सशाच्या पोराने रानाकडे कान टवकारले. तित्तिराच्या पिलाने वर पाहिले. चिवीने नजर उचलली, चारी बाजूंना मान फिरवली, आणि ती पूर्वेकडे चालू लागली. ती पळाली नाही. शिळेची कड आल्यावर खाली उतरली आणि तडक कड्याशी गेली.

कड्याला तिने पंजा लावला आणि ती घसरून खाली आली. पुन्हा लावला, पुन्हा खाली आली. बोथट नखे कातळावरून नुसती खरवडत होती, आणि दगडावर तेलाचे डाग उमटत होते.

“चिवी!” कुठूनतरी खडकोजीची हाक आली. “चिवी, इकडे! इकडे!”

कातळी लेकीपाशी पोचली. चिवीने दचकून अंग चोरले. कातळीने कड्याखालची कोरडी माती ओंजळभर उचलली, लेकीचा पंजा पुढे ओढला आणि तळव्याला माती चोळू लागली. एक पंजा झाला, दुसरा झाला. माती तेल पिऊन काळी पडली तशी तिने नवी घेतली. चारही तळवे खडबडीत होईपर्यंत ती चोळत राहिली.

“आई, वर काही नसलंच तर?”

“नसलं तर ये खाली. पण आपल्या पायांनी ये.”

चिवीने पुन्हा पंजा लावला. या खेपेला तो जेमतेम टिकला. मग दुसरा टिकला. पोट कातळाला घट्ट लावून ती वीतभर वर सरकली, अर्धी वीत खाली आली, पुन्हा वर सरकली. कातळी खाली हात पसरून उभी राहणार होती. तिने हात मागे घेतले.

त्याच वेळी माळावर धरणी हादरावी असा दणका झाला. कातळीने वळून पाहिले. सगळे आईबाप, काकेमामे उत्तर कडेवर पोचले होते, आणि शिळा त्यांच्या बाजूला टेकली होती. दक्षिणेची रिकामी कड पार वर आभाळात गेली होती. मधोमध थांबलेली पोरे पुन्हा घसरू लागली होती, या वेळी नदीकडे. ससे, साळिंदरे, उलटी कासवे आणि पंख बांधलेली तित्तिरे एकमेकांवर आदळत घरंगळत होती. वाममास्तर कधीच नदीत उतरले होते आणि पोहण्याच्या वर्गासाठी नावे घेत होते.

धवलपंतांनी दक्षिणेकडे वळवलेली मान सावकाश उत्तरेकडे आणली, घसा साफ केला आणि जाहीर केले, “या पिढीचा नैसर्गिक कल उत्तरेकडे आहे.”

कडेवर आनंदाचा एकच गलका उठला. सगळ्यांनी हात पसरले. पहिल्या रांगेत खडकोजीही हात पसरून उभा होता, आणि घरंगळत येणाऱ्या प्रत्येक पोरात आपली लेक शोधत होता.