शिळा आकडा

"मी आकडा तपासून मगच भागाकार केला होता, बुवा. मग दवाखान्यातलं यंत्र बंद पडलंच कसं?"

विचारणारा सौमित्र काळसेकर. यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामचा गाभा, म्हणजे कर्नल, आपल्यासारखा कुणी लिहीतच नाही असं मानणारा.

ऐकणारे नरहरबुवा. कर्नलमधल्या चुका निस्तरता निस्तरता त्यांची दाढी इतकी वाढली, की तिच्यात चिमणीनं घरटं केलं. पिल्लं उडेपर्यंत बुवांनी मान हलवली नाही. घरटं मी पाहिलंय.

"काय तपासलंस?"

"धोक्याची घंटा मिनिटाला किती वेळा वाजवायची, तो आकडा. शून्य नाही ना, एवढं पाहिलं. मग साठाला त्यानं भागलं."

"भागताना आकडा कुठून घेतलास?"

"सेटिंगमधूनच. पुन्हा वाचला."

"मधे कुणी बदलला?"

"सिस्टरनी. श्वासाची नळी साफ करायची म्हणून त्यांनी घंटा बंद केली. आकडा शून्य झाला... नेमका माझ्या दोन वाचण्यांच्या मधे."

"मग?"

"शून्यानं भागायला गेलं आणि यंत्र गोठलं. पुढे नळी सुटली, तर घंटा वाजलीच नाही. खाटेवरच्या आजी गेल्या."

"आणि सिस्टर?"

"त्यांना घरी बसवलंय. चूक त्यांचीच धरली... मी फक्त विचारायला आलो, माझा कोड बरोबर आहे ना."

बुवांनी तळहात पुढे केला. त्यावर एक चिंचोका.

"आहे?"

"आहे."

"घे."

सौमित्रचा हात पोचेपर्यंत तळहात रिकामा.

"तपासलं होतंस की."

तळहात पुन्हा पुढे आला. या वेळी सौमित्रनं काही न बघता त्यावरचं उचललं, मूठ मिटली, आणि मग मुठीत डोकावून पाहिलं. चिंचोका होता.

"एकदाच घ्यायचं," तो हळू म्हणाला. "तपासायचं ते आपल्या मुठीतलं. वापरायचं तेही तेच."

"हं."

"पण तोवर तुमच्या हातातलं बदललं असेल. माझं शिळं."

"असेल."

"...म्हणजे कोड माझाच चुकला."

बुवांनी दाराकडे बोट केलं.

"आता जाऊन सांगून काय, बुवा? आजी परत येणार नाहीत. सिस्टरांचं नाव गावभर झालंय. खरं असलं तरी आता ते शिळंच."

बुवांनी चिंचोक्यासकट त्याची मूठ आपल्या हातानं मिटली.

"शिळंच घेऊन जा."