अकरा डिसेंबरची खोली

वडेगावच्या तलावाची खोली रोज वहीत टिपणारे धर्माजी मारबते वारले. अभ्यासासाठी नेलेल्या त्यांच्या वह्या मात्र विद्यापीठातल्या डॉक्टर सरपोतदारांच्या कपाटातच राहिल्या. लेक कुंदा बाबांचं अक्षर बघायला झुरत होती. शेवटी तिनं विद्यापीठाच्या भर सभेत वह्या मागितल्या.

सरपोतदार हसले. "मुली, वारसाहक्क बापाच्या मालकीवर चालतो. नावेत उभा राहून आकडा न् आकडा मी मोजलाय, तुझा बाप नुसता लिहायचा. माझ्या निबंधाचा दाखला तीनशे संशोधकांनी दिलाय!"

"एकोणनव्वदच्या अकरा डिसेंबरचा आकडाही तुम्हीच मोजलात?"

"अर्थात! चार मीटर पाणी एका दिवसात दोन पूर्णांक सातवर उतरलं. माझा सिद्धांत त्यावरच उभा आहे."

कुंदानं दवाखान्याचं जुनं कार्ड पुढे ठेवलं. "त्या दिवशी मी जन्मले, सर. बाबा तलावावर गेलेच नाहीत. पण रकाना रिकामा ठेवायचा नाही हा त्यांचा नेम, म्हणून त्यांनी माझं वजन लिहिलं, तेच सांगायचे. दोन किलो सातशे, या कार्डावरही आहे. तीनशे संशोधक माझं वजन वाहताहेत, आता बाबांचं नावही वाहू द्या."

सभा खदखदून हसली. वह्या त्याच दिवशी मिळाल्या.

घरी येऊन कुंदानं ते पान काढलं आणि आकड्यावर बोट ठेवलं. आयुष्यभर पाणी मोजणाऱ्या बाबांनी त्या एका दिवशी पाणी सोडून तिला मोजलं होतं.