सगुणचं मनगट

“याहून मोठा नाही का, काका?”

निलांबरीने समोर ठेवलेला छोटा डाइव्ह कॉम्प्युटर एका बोटाने माझ्याकडे परत सारला.

“आहे की,” मी म्हणालो. “पण बाय, हे मनगटावर घालायचं यंत्र. किती खोल आलो, अजून किती वेळ थांबता येईल, वर जाताना घाई तर होत नाही ना, एवढं सांगतं. मोठं झालं म्हणून जास्त काही सांगत नाही.”

“मला मोठाच हवा.”

मालवण बंदराजवळ माझं दुकान. दोर, गळ, जाळी विकता विकता बुडी मारणाऱ्यांचं सामान कधी विकायला लागलो, माझं मलाच कळलं नाही.

दाराजवळच्या बाकावर रुजाय मास्तर चहा पीत बसले होते. या किनाऱ्यावर पाण्याखाली जायला शिकलेले निम्मे लोक त्यांच्या हाताखालचे. निलांबरी त्यांच्या आताच्या शिष्यांत सगळ्यात तयार, आणि हे तिला पुरेपूर ठाऊक.

उद्या सकाळी ते तिला पाण्याखालच्या आतल्या खडकावर नेणार होते. तिचे वडील सगुण खोबरेकर पाहुण्यांना तिथे न्यायचे, आणि घरी आल्यावर लेकीला खडकाच्या गोष्टी सांगायचे. सगुण आजारपणात गेला, तेव्हा ही शाळेत होती.

मास्तरांची अट एकच. आकडे वाचता येतील असं यंत्र हाताला हवं. नाहीतर खडक नाही.

मी मोठा काढला. “हा बघ. असाच एक पुण्याच्या पाहुण्याने नेला. सगळ्या लग्नांत घालून मिरवतो. पाण्यात मात्र अजून उतरलेला नाही.”

ती हसली नाही. पिशवीतून तिने एक जुनं, बंद पडलेलं यंत्र काढून नव्या यंत्राशेजारी ठेवलं. दोन्ही बशीएवढी.

“हे बाबांचं. मला एवढंच हवं.”

“बाही चढव,” मास्तर बाकावरूनच म्हणाले.

तिने पिशवीतला रबरी सूट काढला, एका हातात बाही चढवली, तिच्यावर नवं मोठं यंत्र बांधलं. पट्टा शेवटच्या भोकात.

“घट्ट आसा?”

“एकदम.”

मास्तर उठले. दोन्ही तळव्यांत त्यांनी तिची बाही मनगटापाशी दाबून धरली.

“खाली पाणी असाच दाबता.”

रबर दबलं. पट्टा सैल पडला. यंत्र गर्रकन फिरून मनगटाच्या खाली लोंबलं.

“वाच.”

निलांबरीने उजव्या हाताने यंत्र वर फिरवलं आणि मुठीत धरून ठेवलं. “वाचलं. खोली शून्य.”

“दुसरो हात काढ.”

यंत्र पुन्हा खाली.

“होईल सवय,” ती म्हणाली. “बाबांना होतीच ना.”

“छोटो बघ एकदा.”

“तो पोरांचा खेळ आहे, मास्तर!” तिचा आवाज चढला, मग एकदम उतरला. “बाबा म्हणायचे, तुझं मनगट भरू दे, मग तुला खडकावर नेतो. दर मे महिन्यात मी हात पुढे करायची. ते दोन बोटांत माझं मनगट धरून बघायचे. म्हणायचे, अजून नाही...”

तिने आपलं मोकळं मनगट दोन बोटांत धरलं. अंगठा बोटाच्या पार पलीकडे गेला.

“भरलंच नाही कधी.”

बाकावर मास्तरांचा चहा निवत होता...

मग त्यांनी सगुणचं यंत्र उचललं, पट्टा उलटा करून माझ्यापुढे धरला. कारखान्याची भोकं जिथे संपत होती, त्याच्याही आत, यंत्राकडे, एक वेडंवाकडं भोक होतं. कडा वितळलेल्या.

“शेट, ह्यां भोक कोणी पाडल्यान?”

“मीच. तापल्या खिळ्याने. याच दुकानात.”

“कोणासाठी?”

“सगुणसाठी. दुसऱ्या कोणासाठी? त्याला पट्टा पुरत नव्हता, म्हणजे उरत होता. आणि तेव्हा हे छोटे होते कुठे?”

निलांबरी आमच्या दोघांकडे बघत राहिली. “काहीतरीच काय! बाबांचा हात केवढा होता...”

“तू तेवां केवढी होतंस?” मास्तरांनी विचारलं.

तिने हातातलं नवं यंत्र सोडलं, बापाचं घेतलं. पट्टा बाहीवरून त्या वेड्यावाकड्या भोकात अडकवला. बरोबर बसला. मास्तरांनी पुन्हा बाही दाबली. यंत्र पुन्हा फिरलं.

“तुझो बापूस पाण्यात कसो आसायचो?”

हे तिला माहीत होतं. घरातल्या फोटोत रोज दिसायचं. “शांत. डावं मनगट उजव्या हातात धरून. असे...”

आणि ती तशी उभी राहिली. खरं तर ती नेहमीच तशी उभी राहते. होडीत, वर्गात, माझ्या दुकानात. बापावर गेली, असं सगळे म्हणतात.

“माका पण वाटायचा, माणूस शांत आसा,” मास्तर म्हणाले.

तिची नजर हळूहळू स्वतःच्या उजव्या मुठीवर आली. मुठीत यंत्र होतं.

“लहान पोराक खाली न्हेताना काय करूचा लागता?”

“हात धरायचा,” ती घडाघडा म्हणाली. मास्तरांनीच पाठ करून घेतलेलं. “उतरल्यापासून वर येईपर्यंत. एका हातात आपली दोरी, दुसऱ्या हातात पोराचा...”

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही अडकलेले.

बाहेर कोणीतरी होडी ओढत होतं.

तिने बापाचं यंत्र सोडून काउंटरवर ठेवलं. मी छोटं पुढे केलं. पट्ट्याऐवजी इलॅस्टिकची दोरी. तिने बाहीवर चढवलं, स्वतःच बाही दाबून पाहिली. दोरी आवळत गेली, यंत्र जागचं हललं नाही. तळवा मागे वाकवला. कड टोचली नाही. नजर टाकली. आकडे समोर.

तरीही तिचा उजवा हात सवयीने उठला आणि डाव्या मनगटाकडे निघाला.

मास्तरांनी तो वाटेतच धरला. क्षणभर धरून ठेवला, मग सोडला.

“मास्तर,” ती म्हणाली, “त्यांना न्यायचं होतं ना मला?”

मास्तरांनी गार झालेला चहा संपवला. टोपी घातली. दारात जाऊन वळले.

“उद्या दोन्ही हात घेवन ये.”