कबरीची भिंत

गाईगुरं आपला बाजारहाट आपणच करत, त्या काळातली ही गोष्ट. कबरी गाईचं दूध कमी झालं होतं आणि तिला गोठ्याची मातीची भिंत चाटायची खोड लागली होती.

एक घूस पिशवी घेऊन दारात आली. "मावशी, अंगात क्षार कमी पडले की असं होतं. ही माझी खनिजांची भुकटी खा. रोज तांब्याभर दूध द्या, बस्स!"

पिशवीवर धष्टपुष्ट बैलाचं चित्र होतं. कबरी त्यावरच भाळली.

शेजारची भुरी म्हैस म्हणाली, "अगं, चित्र काय बघतेस? महिनाभर खाऊन भिंत चाटायची खोड सुटली, तरच भुकटी खरी."

"तुला कुणाचं चांगलं बघवतच नाही," कबरी फणकारली.

भुकटी गुळचट होती आणि का कोण जाणे, ओळखीची लागत होती. महिना झाला. कबरी भुकटी फस्त करी आणि वर भिंतही चाटे. "औषध हळूहळूच लागू पडतं," असं भुरीला ऐकवी. भिंतीतला खड्डा मात्र खोल होत गेला.

एका सकाळी तिची जीभ भिंतीतून आरपार गेली आणि कुणाच्या तरी गार नाकाला लागली. पलीकडे घूस तीच भिंत उकरून, माती गुळात कालवून पिशवीत भरत होती.

कबरीने झटकन जीभ आत ओढली. भुरीने शांतपणे रवंथ संपवला.

"कबरे, भिंत एकच गं. इकडून फुकट खाल्लीस, तिकडून दूध देऊन."